३१ मार्चच्या आधी: पालिकेच्या शाळेचा आणि दवाखान्याचा निधी कसा सांभाळावा

मार्चची २९ तारीख. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, शाळा सुटून तास झाला होता, आणि मोठ्या बाई अजून संगणकासमोरच होत्या. मी शेजारी. पीएफएमएसचं, म्हणजे सरकारी पैशाच्या देयक प्रणालीचं, पान उघडायचं, पासवर्ड टाकायचा, चक्र फिरत राहायचं, पान बंद पडायचं. काम काय, तर मुलींच्या स्वच्छतागृहाची तीन दारं आणि दोन नळ. त्यासाठी शाळेच्या नावावर रक्कम मंजूर होती. १ एप्रिलला ती नव्हती. खर्चाची मर्यादा शून्यावर आली होती. पुढे कितीतरी महिने एक मुलगी आत गेली की दुसरी दाराशी उभी राहायची. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळेत ती पाणीच प्यायची नाही.

मी पतपेढीत हिशेबनीस आहे. दुसऱ्यांची खाती जुळवण्यात वीस वर्षं गेली, आणि स्वतःच्या मुलीच्या शाळेचं खातं असं रिकामं झालेलं पाहून मला फार लागलं. शाळा व्यवस्थापन समितीत मी तेव्हा नवीन होते. मागे जाऊन कागद चाळले, तर दोष पैशाचा नव्हता. जानेवारीत घ्यायची दरपत्रकं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात घेतली होती. पुढे आईच्या साखरेच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात हेलपाटे घालताना तीच गोष्ट दिसली: औषध संपल्यावर मागणी जाते, आणि औषध यायला दोन महिने लागतात.

समितीवर निवडून आलेल्या पालकांसाठी, नव्याने पदभार घेतलेल्या मुख्याध्यापकांसाठी आणि महिला आरोग्य समितीतल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. जे करून पाहिलं तेच सांगते.

पैसा कुठल्या दारातून येतो

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. शिक्षणाचं अंदाजपत्रक वेगळं मांडतात, ते ३,९५५ कोटींचं. आरोग्याची तरतूद सात हजार कोटींच्या वर. हे आकडे ऐकले की मनात येतंच, मग आमच्या वर्गातला पंखा का फिरत नाही? कारण यातला बहुतेक पैसा शाळेच्या हातात येतच नाही. पगार, इमारतींची कामं, मुलांना मोफत मिळणाऱ्या २७ शालोपयोगी वस्तू हे सगळं वरच्या पातळीवर ठरतं आणि खरेदी होतं. शाळेला मिळते ती वस्तू किंवा सेवा, रक्कम नव्हे.

शाळेच्या हातातली रक्कम छोटी आहे. तिचा मुख्य झरा म्हणजे समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त शाळा अनुदान, आणि ते पटावर ठरतं. योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. ग्रंथालय आणि क्रीडासाहित्य यांची अनुदानं वेगळी; प्राथमिक शाळेला दोन्हींसाठी प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत.

पायरी पहिली इथेच आहे. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, आपण स्वतः खर्च करू शकतो ते. उजवीकडे, जे मागून घ्यावं लागतं ते. दाराची कडी, खडू, छोटी दुरुस्ती, वाचनाची पुस्तकं डावीकडे जातील. गळणारी गच्ची, नवी पाण्याची टाकी, वीजजोडणी उजवीकडे. ते काम पालिकेच्या शाळा पायाभूत सुविधा कक्षाचं आहे. अनुदानातून गच्चीला डांबर फासून घेतल्याचं मी पाहिलं आहे. पहिल्या मोठ्या पावसात डांबर वाहून गेलं, आणि कक्षाच्या नोंदीत मात्र ‘दुरुस्ती झाली’ असं राहिलं. उजव्या बाजूचं काम डाव्या बाजूच्या पैशातून कधीही करू नका.

दवाखान्याचंही असंच पान करा. औषधं, यंत्रं, कर्मचारी हे पालिकेच्या अंदाजपत्रकातून येतं. ज्या दवाखान्यांना राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाखाली नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा दर्जा आहे, तिथे अबंधित निधी, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे खर्च करता येणारा पैसा, असतो. सरकारी इमारतीतल्या केंद्रासाठी त्याचा निकष वर्षाला १ लाख ७५ हजारांपर्यंतचा आहे. वस्तीतल्या महिला आरोग्य समितीला वर्षाला ५,००० रुपये. आपल्या दवाखान्याला कोणता दर्जा आहे हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्या, म्हणजे नसलेल्या निधीसाठी भांडण होत नाही.

३० सप्टेंबर: ही तारीख कॅलेंडरवर लाल करा

यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीवर शाळेची जी माहिती भरतात, तिचा आधार ३० सप्टेंबरचा पट असतो. त्यावरून पुढचं अनुदान ठरतं. मराठी शाळांचा पट उतरतो आहे हे आपल्याला रोज दिसतं. पण कागदावरची चूक त्याहून जास्त टोचते. आमच्याकडे एका वर्षी चार मुलांच्या आधारची पडताळणी राहून गेली होती आणि पट १०३ वरून ९९ दिसत होता. चार मुलांच्या नोंदीपायी शाळेचं अनुदान निम्म्यावर आलं असतं. ऑगस्टच्या बैठकीत एका आईने यादी हातात घेऊन मोजलं, म्हणून सापडलं.

म्हणून माहिती पक्की करण्याआधी तो अर्ज समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. पट तर पाहाच, पण सुविधांचे रकाने त्याहून बारकाईने पाहा. स्वच्छतागृहं किती, त्यातली चालू किती, पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण चालतं का, रॅम्प आहे का, संगणकांपैकी सुरू किती. शाळेची लाज राखायची म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘सर्व चालू’ असं लिहितात. मग डिसेंबरमध्ये दुरुस्तीची मागणी गेली की वरचे अधिकारी तोच अर्ज पुढे करतात: तुम्हीच तर लिहिलंय, सगळं चालू आहे. खरं लिहिल्याने शाळेची बदनामी होत नाही. शाळेचा यूडायस क्रमांक ११ अंकी असतो, आपल्या राज्यात तो २७ ने सुरू होतो, आणि त्यावरून शाळेचं रिपोर्ट कार्ड कोणालाही पाहता येतं. आजच काढून पाहा.

एक इमारत, चार शाळा

हा प्रश्न मुंबईत जागोजागी भेटतो. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या, आणि एकाच इमारतीत त्यांतल्या तीन-चार शाळा भरतात. आमच्याकडे तळमजला उर्दू, पहिला मराठी, दुसरा हिंदी, तिसरा तमिळ. प्रत्येकीचा यूडायस क्रमांक वेगळा, अनुदान वेगळं, समिती वेगळी. पण टाकी एक, जिना एक, मैदान एक आणि स्वच्छतागृहं सामाईक. परिणाम असा की वर्गातल्या फळ्यावर सगळे खर्च करतात आणि सामाईक गोष्टीला कोणीच हात लावत नाही.

आम्ही जुलैमध्ये चारही शाळांची एकत्र बैठक घ्यायला लागलो. चार मुख्याध्यापक, चार समित्यांचे अध्यक्ष, आणि हो, सफाईचं काम करणाऱ्या मावशी. कुठलं दार केव्हापासून लागत नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. सामाईक कामांची यादी केली. पहिल्या वर्षी आम्ही चूक केली: एकाच बिलाचे पटाच्या प्रमाणात चार तुकडे करायला गेलो. बिल एका शाळेच्या नावावर असतं, ते फाडता येत नाही. प्रमाणकं (व्हाउचर) जुळेनात, लेखापरीक्षणात आक्षेप आला. दुसऱ्या वर्षापासून पूर्ण वस्तू वाटून घेतल्या. दारं उर्दू शाळेने करायची, टाकीचं झाकण आणि नळ मराठीने, पाणी शुद्धीकरण यंत्राच्या मेणबत्त्या हिंदीने, हात धुण्याच्या जागेची फरशी तमिळने. पट मोठा त्या शाळेकडे मोठं काम. प्रत्येक समितीच्या इतिवृत्तात एकच वाक्य लिहिलं: ‘ही सुविधा इमारतीतील सर्व शाळांचे विद्यार्थी वापरतील.’ तेव्हापासून आक्षेप आलेला नाही.

आराखडा डिसेंबरपर्यंत

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ मध्ये समिती कशी असावी ते दिलं आहे: किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला. मिळालेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम असल्याचं त्याच कलमात लिहिलेलं आहे. ‘पालकांनी हिशेबात पडू नये’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे ते कलम दाखवा. कलम २२ शाळा विकास आराखड्याबद्दल आहे. तो आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी तयार हवा, म्हणजे डिसेंबर अखेर.

आराखडा बऱ्याचदा मागच्या वर्षीचा नक्कल करून देतात. तसं करू नका. नोव्हेंबरच्या एका शनिवारी समितीतल्या चौघा-पाचजणींनी शाळेत फेरी मारावी, हातात वही आणि मोबाइल. प्रत्येक नादुरुस्त गोष्टीचा फोटो आणि एक ओळ: कुठे, काय, केव्हापासून, किती मुलांवर परिणाम. ‘पंखे नादुरुस्त’ या नोंदीचा काही उपयोग नाही. ‘खोली क्र. १२, तीनपैकी दोन पंखे जूनपासून बंद, ३८ मुलं बसतात’ असं लिहिलं तर अभियंत्याला पुढचं पत्र लिहिता येतं. त्यानंतर क्रम लावा. आमचा क्रम ठरलेला आहे: आधी जिवाला धोका असलेलं (उघडी वायर, सैल कठडा), मग पाणी आणि स्वच्छतागृह, मग वर्गातला उजेड-वारा, मग शिकवण्याचं साहित्य, सगळ्यात शेवटी रंगरंगोटी. पाहुणे येणार म्हणून रंग आधी लावायचा मोह होतो. समितीने तिथे ठाम राहावं.

डिसेंबर एवढ्यासाठी की पालिका आयुक्त सहसा फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात. अलीकडच्या काही वर्षांत पालिकेने त्याआधी नागरिकांच्या सूचनाही मागवल्या आहेत. उजव्या बाजूची मोठी कामं तोवर प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे, आणि एक प्रत प्रभागाच्या नगरसेवकांकडे, अशी पोहोचली पाहिजेत. आमदारांच्या स्थानिक विकास निधीसाठीही हाच आराखडा चालतो. पत्र साधं असावं:

‘विषय: मुलींच्या स्वच्छतागृहातील तीन नादुरुस्त दारांबाबत. आमच्या इमारतीत चार शाळांतील मुली हे स्वच्छतागृह वापरतात. तीन दारे जूनपासून लागत नाहीत. समितीने दि. — रोजी पाहणी केली, छायाचित्रे सोबत जोडली आहेत. शाळा अनुदानातून कड्या बदलल्या. चौकटी कुजल्या असल्याने ते काम आपल्या कक्षाकडून व्हावे. पाहणीसाठी अभियंता केव्हा येतील ते कळवावे.’

शेवटची ओळ महत्त्वाची. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलं की पत्र फायलीत जातं. तारीख मागितली की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

खर्चाची तयारी

आता शाळेच्या खात्यात पैसा पडून राहत नाही. खातं शून्य शिल्लक असतं, खर्चाची मर्यादा दिली जाते आणि रक्कम थेट दुकानदाराच्या खात्यात जाते. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. मर्यादा वर्षाच्या मध्यावर येते, कधी दोन हप्त्यांत येते, कधी अगदी शेवटी. ती केव्हा येईल हे आपल्या हातात नाही, पण आली की आठवड्यात खर्च करता येईल अशी तयारी ठेवणं हातात आहे.

तयारी म्हणजे काय ते आमच्या गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून सांगते. पट २१०, म्हणजे ५०,००० रुपये. त्यातले १० टक्के, ५,०००, स्वच्छतेसाठी राखीव: फिनेल, झाडू, साबण, हात धुण्याच्या जागेची जाळी. पाच हजारांवर थांबायची सक्ती नाही; आम्ही आठ हजार ठेवले. दुरुस्तीला १७,०००. शैक्षणिक साहित्य आणि प्रयोगाचं सामान १२,०००. इंटरनेट आणि छपाई ६,०००. उरलेले ७,००० कशासाठीच ठरवले नाहीत. फुटलेली काच, बिघडलेली मोटर यांसाठी फेब्रुवारीपर्यंत हाताशी ठेवले. १५ फेब्रुवारीला जे उरलं त्याच्या गोष्टींची पुस्तकं घेतली. ही पुस्तकांची यादी ऑक्टोबरमध्येच मुलांना विचारून केलेली होती.

रक्कम येण्याआधीच तीन दुकानदारांची दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता आणि समितीचा ठराव तयार ठेवायचा. दरपत्रकात वस्तूचं वर्णन तिन्हीकडे एकच असलं पाहिजे. एकाने लोखंडी दार आणि दुसऱ्याने पीव्हीसीचं लिहिलं तर तुलना कशाची करणार? बसवण्याची मजुरी धरून दर मागा. दुकानदाराचा खातेक्रमांक आणि आयएफएससी रद्द केलेल्या धनादेशावरून तपासून प्रणालीत आधीच नोंदवा. मार्चमध्ये सगळ्यांचंच काम एकदम निघतं, पान उघडत नाही, आणि एक अंक चुकला तर पैसे परत येईपर्यंत वर्ष संपतं. आमचं तेच झालं होतं. देयक एकाने तयार करायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं, अशी ही पद्धत आहे. दोघांचे पासवर्ड एकाच वहीत लिहून ठेवू नका. बाईंवर विश्वास नाही म्हणून हे म्हणत नाही. उद्या चौकशी झाली तर त्या एकट्या अडकू नयेत म्हणून म्हणते.

कागदांचा क्रम लावून ठेवा: ठराव, दरपत्रकं, तक्ता, कार्यादेश, बिल, वस्तू मिळाल्याची साठा नोंदवहीतली नोंद, देयकाची प्रत. प्रत्येक संचाला प्रमाणक क्रमांक द्या आणि तोच रोखवहीत लिहा. वर्षाअखेरीचं उपयोगिता प्रमाणपत्र या ढिगातून अर्ध्या तासात निघतं. खर्चाचा एक साधा कागद फलकावरही लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात. आमच्याकडे त्यानंतर दोन वडिलांनी स्वतःहून पंखे दुरुस्त करून दिले.

वस्तू, पोषण आहार आणि देणग्या

टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत जातात. वर्षातून एकदा वही आणि वस्तू समोरासमोर ठेवून मोजा. मोडकी बाकं वर्गखोलीत रचून ठेवली असतील तर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव पाठवा. आमच्या इमारतीत त्यातून एक अख्खी खोली मोकळी झाली, आता तिथे वाचनालय आहे. यंत्र घेताना देखभालीचा करार, त्यात सुटे भाग धरलेत का, आणि तक्रार कोणत्या क्रमांकावर करायची हे यंत्रावरच चिकटवा.

पोषण आहाराचं गणित पालकांनी पाठ करावं. पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम धान्य आणि ४५० कॅलरी, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आणि ७०० कॅलरी. डाळ, भाजी, तेल, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासूनचा दर माणशी ६.७८ आणि १०.१७ रुपये. म्हणजे पाचवीपर्यंतची १४० मुलं हजर असतील तर कच्चा तांदूळ १४ किलो. आपल्याकडे बहुतेक शाळांत शिजवलेलंच अन्न बाहेरून येतं, त्यामुळे तांदळाचं पोतं दिसत नाही. म्हणून डबे मोजा, आलेली वेळ लिहा, आणि त्या दिवशीच्या हजेरीचा आकडा पुरवठा करणाऱ्या बचत गटाला सकाळीच कळवा. वाटण्याआधी चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची असते. ‘चांगले’ एवढंच लिहू नका. ‘डाळ पातळ, मुलांनी भात टाकला’ असं लिहिलं की महिनाभराने बोलायला पुरावा असतो. त्या बचत गटातल्या बायकाही आपल्यासारख्याच आहेत, त्यांची देयकं अडकलेली असतात, तेही विचारा.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून टॅब, डिजिटल फळा, पाण्याचं यंत्र देऊ करतात. घेण्याआधी विचारा: तीन वर्षांनी बॅटरी कोण बदलणार, वीज पुरेल का, फिल्टरचा वार्षिक खर्च किती. आणि आपल्या आराखड्यातली पहिली तीन कामं त्यांच्यासमोर ठेवा. स्वच्छतागृहाला फीत कापायला कोणी येत नाही, पण नीट मांडलं तर मान्य करणारे भेटतात.

दवाखाना: गोळ्यांचा हिशेब

पालिकेची मोठी रुग्णालयं, केईएम, सायन, नायर, कूपर, सगळ्यांना माहीत आहेत. पण रक्तदाब, साखर, ताप, लसीकरण हे वस्तीतल्या दवाखान्यात झालं पाहिजे. तिथे गोळी नसली की आजी साठ रुपये रिक्षाला घालून सायनला जाते, किंवा गोळी सोडून देते. दुसरं जास्त होतं.

औषधं मुख्यतः मध्यवर्ती खरेदी खात्याच्या दरकरारातून येतात. मागणी चुकली की पुरवठा चुकणारच, आणि मागणी चुकण्याचं एक कारण सगळीकडे सारखं आहे. समजा रक्तदाबाची एक गोळी महिन्यात १,८०० गेली. पुढच्या महिन्यालाही १,८०० मागितल्या जातात. पण ती गोळी त्या महिन्यात १८ दिवसच उपलब्ध होती; १२ दिवस लोक रिकाम्या हाताने परत गेले. खरा खप १,८०० भागिले १८ गुणिले ३०, म्हणजे ३,०००. तुटवड्याचे दिवस धरले नाहीत तर तुटवडाच पुढच्या मागणीचा आधार होऊन बसतो. म्हणून दवाखान्यात एक छोटी वही ठेवायला सांगा: कोणतं औषध, कोणत्या तारखेला संपलं, कोणत्या तारखेला आलं.

मग मागणी अशी काढायची. पुरवठा यायला दोन महिने लागतात, एक महिन्याचा राखीव साठा हवा, आणि मागणी दर तीन महिन्यांनी जाते असं धरा. एकूण सहा महिने. ३,००० गुणिले ६, म्हणजे १८,०००. त्यातून हातातल्या २,५०० आणि वाटेतल्या १,००० वजा करा. मागणी १४,५०० गोळ्यांची. आणि साठा तीन महिन्यांच्या, म्हणजे ९,००० च्या खाली आला की तीन महिन्यांची वाट न पाहता पत्र जायला हवं. हे गणित मी आमच्या दवाखान्यातल्या औषधनिर्मात्या ताईंसोबत बसून दहा औषधांसाठी केलं. त्यांना ते येत होतंच. रोज दोनशे लोकांची रांग असताना करायला वेळ नव्हता.

सगळी औषधं सारखी नसतात. ज्याच्यावाचून जीव जाईल ते, ज्याच्यावाचून आजार वाढेल ते, आणि चार दिवस नसलं तरी चालेल ते, असे तीन गट करा. पहिल्या गटाचा साठा कधीही शून्य होता कामा नये. मांडणीवर आधी मुदत संपणारी खोकी पुढे. तीन महिन्यांत मुदत संपणार असलेल्यांची यादी दर महिन्याला काढून विभागातल्या इतर दवाखान्यांना कळवायची. आपल्याकडे पडून असलेलं खोकलाऔषध कुर्ल्यात कमी असू शकतं. लसी आणि इन्शुलिनचं तापमान २ ते ८ अंश, नोंद सकाळ-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशी कोण करणार तेही ठरलेलं.

मुंबईत पावसाळ्याचा साठा वेगळा मोजावा लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोचा ताप पसरला, हे या शहरातल्या कोणी विसरलेलं नाही. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना द्यायचं डॉक्सिसायक्लिन, ओआरएस, मलेरियाच्या तपासणीच्या किट, यांची मागणी दोन महिने आधी म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जायला हवी. खप काढताना उन्हाळ्याची सरासरी धरू नका. मागच्या वर्षीचे जून ते सप्टेंबर धरा.

अबंधित निधी बसायची बाकं, रांगेवर छप्पर, वजनकाटा, पिण्याचं पाणी अशा गोष्टींसाठी आहे. महिला आरोग्य समितीच्या ५,००० रुपयांतून आम्ही रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा ते चाळीत घेऊन बसतात. मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद दाखल होतानाच करा. योजनेतून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि मंजूर दाव्याची रक्कम सरकारी रुग्णालयालाही मिळते.

उत्तर मिळेना तेव्हा

आधी माणसाकडे जा. शाळेसाठी मुख्याध्यापक, मग विभाग निरीक्षक, मग प्रशासकीय अधिकारी (शाळा). दवाखान्यासाठी वैद्यकीय अधिकारी, मग विभागाचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी, मग सहायक आयुक्त. दोन पत्रांना महिनाभरात उत्तर नसेल तर माहितीचा अधिकार. अर्ज एका विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तर ३० दिवसांत. न आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील.

मी प्रतींपेक्षा अभिलेख पाहायला मागते. कायद्यात तपासणीचा हक्क आहेच, शिवाय राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिकांसह स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कागद पाहता येतात. ‘दुरुस्ती का झाली नाही’ असं विचारू नका. ‘का’ ला उत्तर देणं बंधनकारक नाही. विचारा: या इमारतीच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि देयकाची प्रत. ज्या कामाचं बिल निघालं ते काम जागेवर आहे की नाही, हे मोजमाप पुस्तिका उघडली की वीस मिनिटांत समजतं. जाताना समितीतल्या एकीला सोबत न्या, आणि टेबलामागच्या लिपिकाशी नीट बोला. मला सगळ्यात जास्त मदत अशाच एका लिपिकाने केली.

दर दोन वर्षांनी समिती बदलते, मोठ्या बाईंची बदली होते, वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या विभागात जातात. पदभार सोडण्याच्या दिवशी दोन्ही बाजूंनी बसून एक यादी करा: नोंदवह्या किती आणि कुठवर भरलेल्या, कोणती पत्रं कुठे अडकली आहेत आवक क्रमांकासह, कोणत्या यंत्राची हमी केव्हा संपते, कपाटाच्या किल्ल्या, देयक प्रणालीवर कोणाचं नाव बदलायचं. खाली दोघांच्या सह्या. आमच्या नव्या अध्यक्ष पहिल्या मजल्यावरच्या इयत्ता दुसरीतल्या एका मुलाच्या आई आहेत, भाजी विकतात. यादीवर सही करण्याआधी त्यांनी प्रत्येक नोंदवही उघडून शेवटचं पान पाहिलं, आणि विचारलं, ‘ताई, दारांच्या चौकटीचं पत्र ऑगस्टचं आहे, उत्तराची तारीख कुठंय?’ ती तारीख नव्हती. सोमवारी दुपारी आम्ही दोघी जाणार आहोत.